स्नोमोबाइलच्या स्कीचा गंजून जाम झालेला बोल्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे : कॅनडातल्या ऑन्टारिओतली जुनी, सेकंडहँड स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालवायची गाडी. डाव्या स्कीचा मुख्य बोल्ट बाहेर येत नाही. नट सुटला आहे. डोक्याला पाना लावला तर बोल्ट जेमतेम फिरतो, पण बाहेर सरकत नाही. हातोडीने ठोकून आट्यांकडचं टोक फुगलं आहे आणि दोन दिवस डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याचं तेल मारूनही काही फरक नाही. स्की तशीही घासली आहे, बदलायचीच आहे.

सगळ्यात आधी ठोकणं थांबवा. टोक फुगलं म्हणजे तुमचा बोल्ट आता भोकापेक्षा जाड झाला आहे. गंज सुटला तरी तो त्या भोकातून जाणार नाही. कानस किंवा ग्राइंडर घेऊन ते टोक आट्यांच्या मूळ जाडीपेक्षा किंचित बारीक करा, कडेला थोडा उतार द्या. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

आता बोल्ट नेमका कुठे अडकला आहे ते बघू. ज्यांनी हे यंत्र फक्त गुलमर्गला भाड्याने घेऊन चालवलं आहे त्यांच्यासाठी : मागे रबरी पट्टा यंत्राला ढकलतो आणि पुढच्या दोन स्की दिशा देतात. हँडल वळवलं की सस्पेन्शनमधून खाली आलेला एक जाड पाय वळतो, तो स्पिंडल. स्कीच्या पाठीवर दोन उभ्या भिंतींचं खोगीर असतं, स्पिंडलचं खालचं टोक त्या दोन भिंतींच्या मधे बसतं आणि आडवा बोल्ट तिन्हींमधून आरपार जातो. स्पिंडलच्या खाली रबराचा एक ठोकळा असतो, तो स्कीचं नाक खाली पडू देत नाही.

बहुतेक यंत्रांत या बोल्टभोवती स्टीलची एक नळी असते, स्लीव्ह. नट आवळला की खोगिराच्या दोन्ही भिंती या स्लीव्हच्या टोकांवर दाबल्या जातात. म्हणजे बोल्ट, स्लीव्ह आणि स्की हे तिन्ही एकत्र घट्ट, आणि स्की वरखाली होते तेव्हा फिरते ती स्लीव्ह, स्पिंडलमधल्या प्लास्टिकच्या बुशांत, म्हणजे भोकाला आतून बसवलेल्या नळीसारख्या अस्तरांत. बोल्ट स्लीव्हच्या आत कधीच फिरत नाही. वर्षानुवर्षं न हललेलं स्टीलमधलं स्टील, मधे केसाएवढी फट, त्या फटीत पाणी. यंत्र ट्रेलरवरून नेताना रस्त्यावरचं मीठ उडून त्यात भर पडते. गंजाला मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा लागते, आणि ती जागा तिथे नसते. म्हणून बोल्ट पाचरीसारखा आवळला जातो. दोष आट्यांत नाही, बोल्टच्या गुळगुळीत धडात आहे. नट सहज निघाला तरी बोल्ट का निघत नाही याचं उत्तर हेच.

तेल का चाललं नाही तेही यातच आलं. तेलाला दोन्ही टोकांकडून आत शिरून बोल्टच्या लांबीचा मध्य गाठायचा असतो आणि वाट गंजाच्या भुकटीने बुजलेली असते. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. गंज भेदायला पीबी ब्लास्टर किंवा क्रॉइलसारखं खास तेल बरं. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळूनही चालतं, मात्र ते मिश्रण वेगळं होत राहतं, दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि यंत्राच्या प्लास्टिकच्या कव्हरवर सांडलं तर अॅसिटोन डाग पाडतं. तेल वरून फवारण्यापेक्षा साठवून ठेवा : स्की-स्पिंडल यंत्रावरून उतरवता आलं तर बोल्ट उभा राहील असं ठेवा, वरच्या टोकाभोवती मळलेल्या कणकेचं आळं करा आणि त्यात तेल भरून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी उलटं करून दुसऱ्या टोकाने. उणे १५-२० अंशांत उघड्या शेडमध्ये हे करू नका, तेल घट्ट होतं आणि आत जात नाही.

थंडीवरून आणखी एक. यंत्र बाहेरून आणलं असेल तर आधी दोन-तीन तास गरम गॅरेजमध्ये ठेवा, किंवा सांध्यावर गरम पाणी ओता. फटीत गोठलेला बर्फ हुबेहूब गंजासारखा वागतो, आणि केवळ बर्फासाठी ग्राइंडर काढल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मग टॉर्च घेऊन खोगिराची भिंत आणि स्पिंडल यांच्यामधल्या फटीत बघा. तिथे स्लीव्हची कड दिसते. तिच्यावर मार्करने एक रेघ मारा, बोल्टच्या डोक्यावर दुसरी. आता यंत्राचं नाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, सहा कोनी सॉकेटने (डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) डोकं फिरवा. बारा कोनी सॉकेट वापरू नका, गंजलेल्या डोक्याचे कोपरे तो गोल करतो. डोकं फिरलं आणि स्लीव्हवरची रेघही सोबत फिरली, तर बोल्ट स्लीव्हला चिकटला आहे आणि स्लीव्ह मात्र स्पिंडलमध्ये मोकळी आहे. ही सगळ्यात चांगली बातमी. डोकं फिरलं आणि रेघ जागेवर राहिली, तर बोल्ट स्लीव्हपासून सुटलेला आहे, अडतंय ते फुगलेलं टोक. डोकं अजिबात फिरत नसेल तर स्की हाताने वरखाली करून बघा : स्की हलते म्हणजे स्लीव्ह मोकळी आहे, स्कीसुद्धा हलत नाही म्हणजे स्लीव्ह स्पिंडलमध्येही बसली आहे. काही स्कींमध्ये बोल्टचं डोकं खोगिराच्या षट्कोनी खाचेत बसतं, तिथे ते फिरणारच नाही. त्यावरून निष्कर्ष काढू नका, फक्त स्की हलवून बघण्याची परीक्षा करा.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो, पण रेघ मारून खात्री करून घ्या.

बोल्ट वाचवायचा एक प्रयत्न करायला हरकत नाही. फटीतून स्लीव्ह पकडता येत असेल, म्हणजे पाच-सहा मिमी जागा असेल, तर अरुंद जबड्याची लॉकिंग पक्कड स्लीव्हवर घट्ट बसवा आणि बोल्ट फिरवा. सोडण्याच्या दिशेने पाव फेरा, आवळण्याच्या दिशेने पाव फेरा, मधे तेल. आधी फिरवायचं, मग बाहेर ढकलायचं, हा क्रम पक्का. फिरताना गंजाचा थर चुरा होऊन सुटतो. सरळ ढकलताना तोच चुरा पुढे गोळा होऊन आणखी घट्ट बसतो. इम्पॅक्ट रेंच, म्हणजे झटके देत फिरवणारं यंत्र, असेल तर हलक्या सेटिंगवर, दोन्ही दिशांनी, काही सेकंदांचे झटके द्या. डोकं तुटलं तरी घाबरायचं कारण नाही, इथे ते अपयश नाही, पुढचं काम थोडं आधीच झालं एवढंच.

फिरायला लागला की ढकलायचं. ठोकायचंच असेल तर स्पिंडलच्या विरुद्ध बाजूला कोणी तरी दोन-तीन किलोचा घण टेकवून धरला पाहिजे. तसं न करता मारलेला प्रत्येक फटका स्पिंडलमधून वर जाऊन बॉल जॉइंट (स्पिंडलचा गोळ्याचा सांधा) आणि स्टीअरिंगच्या दांड्यांना बसतो, बोल्टला त्यातला थोडाच मिळतो. जुना नट टोकाशी समतल येईपर्यंत परत चढवा, म्हणजे फटका नट आणि टोक दोघांवर मिळून बसेल आणि टोक पुन्हा फुगणार नाही. बोल्ट नटाच्या उंचीएवढा आत गेला की नट काढा आणि १० मिमीच्या बोल्टसाठी ८ मिमीचा सरळ पंच वापरा. निमुळता पंच भोकात अडकून बसतो आणि मग दोन गोष्टी काढाव्या लागतात.

ठोकण्यापेक्षा दाबणं नेहमी चांगलं. बॉल जॉइंट काढायचा सी-आकाराचा प्रेस बहुतेक ऑटो पार्ट्सच्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतो. डोक्याच्या बाजूला २४ मिमीचा खोल सॉकेट ठेवा, डोकं त्याच्या पोटात शिरेल. दुसऱ्या बाजूने स्क्रूने टोक दाबा, मग ८ मिमीचा छोटा दांडा मधे घाला. खोगीर प्लास्टिकचं असेल तर सॉकेटखाली भोक पाडलेली स्टीलची पट्टी हवी, नाहीतर सॉकेट प्लास्टिकमध्ये रुततो. प्रेस जोरात ताणून ठेवा, मग सांध्याच्या कडेला हातोडीचे हलके टोले. दाब आणि हादरा एकत्र मिळाला की बऱ्याचदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि बोल्ट सरकतो. समोर उभे राहू नका, चष्मा घाला.

उष्णतेबद्दल सगळेच सल्ला देतात, पण या ठिकाणी ती जपून वापरायची गोष्ट आहे. स्की पॉलिथिलीनची असते, ती साधारण १३० अंशांना वितळू लागते. बुश प्लास्टिकचे, ठोकळा रबराचा. वर इंजिनाचं प्लास्टिकचं पोट, आणि त्यात पेट्रोल आणि तेलाचे अंश. स्पिंडल अॅल्युमिनियमचा असेल, नव्या यंत्रांत बहुधा असतोच, तर आणखी एक अडचण : अॅल्युमिनियम वितळण्याआधी लालबुंद होत नाही, रंग बदलून इशारा देत नाही, आणि त्याची ताकद वितळण्याच्या फार आधीच घटायला लागते. स्टीअरिंगचा भाग कमकुवत करून बोल्ट वाचवण्यात काय शहाणपण? ज्योत वापरायचीच असेल तर स्पिंडल यंत्रापासून आणि स्कीपासून वेगळा केल्यावर, आणि तीही बोल्टच्या टोकावर, स्पिंडलवर नाही. अॅल्युमिनियमला हीट गनने १२० अंशांपर्यंत नेणं पुरेसं आहे. तो स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे तेवढ्यातही भोक मोकळं होतं. इंडक्शन हीटर मिळाला तर उत्तम, ज्योत नाही आणि फक्त बोल्ट तापतो.

दोन गोष्टी ठामपणे टाळा. अॅसिटोनचं मिश्रण लावलेल्या जागी ज्योत नेऊ नका. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागाला कधीही तापवू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर क्लोरीनविरहित असं लिहिलेलं असेल तर ते पेट घेणारं असतं, म्हणजे तेही आगीजवळ नको.

पण खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत यातलं बरंचसं करायची गरजच नाही. स्की टाकूनच द्यायची आहे. बोल्ट तर फुकट गेलाच आहे. स्लीव्ह ही किरकोळ किमतीची नळी आहे. वाचवायचा आहे तो एकच भाग, स्पिंडल. मग बोल्ट आणि स्लीव्हची गाठ सोडवत कशाला बसायचं? कापा.

खोगिराची भिंत आणि स्पिंडल यांच्यातल्या फटीतून रेसिप्रोकेटिंग (पातं मागेपुढे चालवणाऱ्या) करवतीचं पातं घाला. धातूसाठीचं बायमेटल पातं, इंचाला १८ ते २४ दात. पातं घसरत असेल, खोगिरातला बोल्ट १०.९ ग्रेडचा, म्हणजे कडक पोलादाचा, किंवा स्लीव्ह कडक केलेली असू शकते, तर कार्बाइड दातांचं पातं घ्या. वेग कमी, दाब जास्त, मधूनमधून तेलाचा थेंब. भरधाव चालवलेलं पातं दोन मिनिटांत लाल होऊन बोथट होतं, आणि त्याच्या उष्णतेने बाजूचं प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. फट फार अरुंद असेल तर रबरी ठोकळा आधी बाहेर ओढून काढा, मग स्की एका बाजूला सरकवून तीन-चार मिमी मिळवता येतात. पातं स्पिंडलला घासणार नाही याकडे लक्ष ठेवा, अंदाज नसेल तर स्पिंडलच्या बाजूला पातळ पत्र्याचा तुकडा धरा.

एका बाजूचा काप झाला की लगेच दुसरा करू नका. आधी स्कीखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. दुसरा काप पुरा होताना स्कीचं वजन पात्यावर येतं आणि पातं चिमटलं जातं. खोगीर प्लास्टिकचंच असेल आणि फटच नसेल, तर बोल्टऐवजी खोगिराच्या भिंती कापून टाका. कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूचं कौतुक नको. चार इंची ग्राइंडर आणि १ मिमीची चकतीही चालते, पण ठिणग्या थेट इंजिनाखाली जातात. पेट्रोलचा वास येत असेल तर ग्राइंडर नको, आणि वास नसला तरी अग्निशामक हाताशी ठेवा.

स्की खाली पडली की स्पिंडलमध्ये उरतो बोल्ट-स्लीव्हचा एक तुकडा. रेघेची परीक्षा बरोबर असेल तर तो प्लास्टिकच्या बुशांत बसलेला आहे आणि १२-१३ मिमीच्या पंचाने, घणाचा आधार देऊन, काही टोल्यांत अख्खा बाहेर येतो. पंच स्लीव्हच्या बाहेरच्या मापापेक्षा बारीक आणि बोल्टपेक्षा जाड हवा, म्हणजे दोन्ही एकत्र ढकलले जातील. काप तिरका गेला असेल तर टोक आधी सपाट करा, कापताना उठलेली कडही कानसीने काढा, नाहीतर ती बुश खरवडते.

तुकडाही हलत नसेल तर स्पिंडल यंत्रावरून उतरवा. वरचा-खालचा जोड आणि स्टीअरिंगची दांडी सोडवायची, दांडीची लांबी मोजून लिहून ठेवायची. बेंच व्हाइसमध्ये दोन सॉकेटच्या मधे धरून दाबा, आणि दाब असताना हीट गन. बुश खराब होतील, ते तसेही नवे घालायचेच आहेत.

स्लीव्हच नाही, बोल्ट थेट स्पिंडलच्या धातूत बसलेला आहे असं निघालं, तर मात्र ड्रिल करावं लागतं. इथे घाई महागात पडते. अॅल्युमिनियम बोल्टपेक्षा मऊ, त्यामुळे ड्रिल संधी मिळताच त्यात शिरतं आणि भोक अंडाकृती होतं. बरोब्बर मध्यावर पंच मारा. ३ मिमी, मग ५, मग ८, कोबाल्टचे बिट, कापण्याचं तेल. ३ मिमीला मिनिटाला साधारण ११०० फेरे, ८ मिमीला ४५० पेक्षा जास्त नको. दोन्ही टोकांकडून अर्धं-अर्धं जा, एकाच बाजूने एवढ्या लांब भोकात हातातलं ड्रिल सरळ राहत नाही. पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं, सरळ खाली उतरणारं ड्रिल) नसेल तर हे काम मशीन शॉपला द्या.  तुटलेले बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर इथे वापरू नका. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत मोडला की त्याला ड्रिल लागत नाही. बोल्टचा थोडा भाग बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणं त्याहून कितीतरी बरं, वेल्डची उष्णताही मदतीला येते.

जोडताना : बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घ्या. ‘गंजणार नाही’ म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला स्टेनलेसचा बोल्ट घालायचा मोह होतो. साधा स्टेनलेस त्या ग्रेडइतका मजबूत नसतो, स्टेनलेस नटाबरोबर त्याचे आटे जाम होतात, आणि अॅल्युमिनियमला लागून असेल तर मिठाच्या पाण्यात अॅल्युमिनियमच झपाट्याने खातो. आत नायलॉनचं कडं असलेला नट दर वेळी नवा, स्प्लिट पिन असेल तर तीही नवी.

स्पिंडलचं भोक तारेच्या गोल ब्रशने साफ करा, नवे बुश आणि नवी स्लीव्ह घाला. स्लीव्ह बोटाने फिरली पाहिजे आणि खडखड वाजता कामा नये. बोटींसाठीचं पाण्यात न धुपणारं ग्रीस स्लीव्हच्या आत, बाहेर आणि बोल्टच्या धडावर सढळ हाताने लावा. आट्यांवर मात्र लावू नका, कारण मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचा आकडा, बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो, ग्रीस लागलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्कचा आकडा तुमच्याच मॉडेलचा बघा, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. आवळून झाल्यावर नटाबाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत, आणि स्की हाताने वरखाली झाली पाहिजे. होत नसेल तर स्लीव्ह आखूड आहे किंवा वॉशर राहिला आहे. सैल करून चालवू नका, चूक शोधा.

रबरी ठोकळ्याला पुढची-मागची बाजू असते. उलटा बसला तर स्कीचं नाक खाली राहतं आणि मऊ बर्फात शिरतं. काढण्याआधी फोटो काढला नसेल तर उजव्या स्कीवर बघून घ्या.

आणि उजव्या स्कीचा बोल्टही याच वेळी काढा. तोही तेवढाच जुना आहे, त्यानेही तेच मीठ खाल्लं आहे, आणि आज तो कदाचित नुसत्या पान्याने निघेल. पुढे दर मोसमाच्या शेवटी दोन्ही बोल्ट बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालायचे. ट्रेलरवरून आणल्यावर सांधा गोड्या पाण्याने हलका धुवायचा, प्रेशर वॉशरचा फवारा थेट बुशांवर मारायचा नाही, तो आतलं ग्रीस उडवतो.